घाटात धुकं असताना दिव्यांच्या या चुका टाळा

जुलै-ऑगस्टात वाईहून पसरणी घाट चढायला लागलं की निम्म्या वाटेत ढग काचेला येऊन चिकटतात. माझं आठवड्यातून दोनदा पाचगणीला जाणं असतं. दर खेपेला तीच करामत बघायला मिळते: चारी इंडिकेटर लावून चालत असलेली गाडी.

हा प्रकार कुणी शिकवला देव जाणे. चारी इंडिकेटर म्हणजे 'मी थांबलोय, बंद पडलोय'. चालत्या गाडीला ते लावले की मागच्याला तुम्ही उभे आहात की पळताय तेच कळत नाही, आणि वळताना इशारा द्यायची सोयही हातची जाते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका गाडीच्या मागं होतो. पुढचं दिसत नव्हतं, फक्त ते लुकलुकणं. वळण संपलं आणि गाडी एकदम उजवीकडं आडवी, पलीकडच्या कणसाच्या टपरीकडं! मी ब्रेकवर उभाच राहिलो, ओल्या रस्त्यावर गाडी थोडी घसरली, आणि मागून एसटीच्या हॉर्ननं कान फुटले. डेपोच्या त्या ड्रायव्हरनं अंतर ठेवलं होतं म्हणून वाचलो. खाली उतरून विचारलं, तर साहेब म्हणतात, "अहो, इंडिकेटर चालू होते की!" होते ना, चारी. त्यातून तुमचं कणीस मला कसं दिसावं?

दुसरी चूक अप्परची, म्हणजे लांबवर जाणाऱ्या वरच्या झोताची. दिसत नाही म्हणून उजेड वाढवायचा, हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय की सांगून पटत नाही. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. अप्परचा झोत त्यांच्यावर आपटून उलटा तुमच्याच डोळ्यात येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. डिप्परवर, म्हणजे खालच्या झोतावर या, रस्ता परत दिसायला लागेल. फॉग लॅम्प असतील तर तेही लावा; ते बंपरमध्ये खाली बसवलेले असतात, झोत आडवा आणि रुंद, त्यामुळं रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी पट्टी सापडते. मी तिच्याच आधारानं चालतो. समोरून येणाऱ्याच्या दिव्याकडं बघत बसलं की गाडी आपोआप तिकडं ओढते.

बाजारातून आणून लावलेले निळसर पांढरे एलईडी बल्ब? माझं मत विचारू नका.

मागचा लाल फॉग लॅम्प धुकं सरताच बंद करा, त्याच्या झगमगाटात ब्रेक लाइट वेगळा ओळखू येत नाही. काचेला आतून वाफ धरली असेल तर दिव्यांना दोष देण्याआधी एसीची हवा काचेवर सोडा.

नव्या गाड्यांची एक गंमत लोकांना माहीतच नसते. पुढं दिवसा लागणारी पांढऱ्या दिव्यांची पट्टी असते, ड्रायव्हरला वाटतं दिवे चालू आहेत. बऱ्याच गाड्यांत तेव्हा मागं अंधार असतो. ऊस हंगामात कराड-सांगलीकडं कृष्णाकाठच्या पहाटेच्या धुक्यात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असाच असतो, मागं दिवा नाही आणि रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्याखाली गडप. त्याला शिव्या घालणारे आपण, आणि आपली पाठही तशीच काळी! म्हणून मी वाईत चहाला थांबतो तेव्हा दिव्याचं बटण हातानं फिरवतो, मागं जाऊन लाल दिवे बघतो, त्यांच्यावरचा चिखल फडक्यानं पुसतो. बरोबरची पोरं हसतात. हसू देत.