मेनूतल्या आयकॉनमागचा काळा चौकोन कसा घालवावा

दादरच्या कापड दुकानासाठी बिलाचा प्रोग्रॅम करा नाहीतर गिरगावातल्या छापखान्यासाठी ऑर्डरची नोंदवही. मेनूत ‘नवीन बिल’, ‘छापा’ यांच्या शेजारी आयकॉन लावले की त्यांच्यामागे कधी काळा, कधी पांढरा चौकोन उमटतो. गल्ल्यावरचा माणूस दिवसभर तोच मेनू उघडतो, त्यामुळे हे तसंच सोडू नये. दोष फाइलमध्ये आहे की प्रोग्रॅममध्ये, एवढं आधी ठरवा.

सुरुवात फाइलपासून. जेपीजीत पारदर्शकता साठवताच येत नाही आणि नुसतं नाव बदलून ती पीएनजी होत नाही. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो नाहीतर अजिबात दिसत नाही, म्हणून गोल कडा दातेरी होतात. नेहमीच्या पीएनजीत प्रत्येक पिक्सेलला 0 ते 255 अशी अल्फाची, म्हणजे अपारदर्शकतेची, पातळी देता येते; 0 म्हणजे पूर्ण आरपार. आयकॉनसाठी तीच वापरा.

आता गिम्प या चित्रं संपादित करायच्या प्रोग्रॅममध्ये चित्र उघडून त्याच्याखाली भडक लाल रंगाचा एक लेयर टाका. ही पायरी टाळू नका. इंटरनेटवरून उतरवलेल्या कितीतरी चित्रांत राखाडी-पांढऱ्या चौकटी चक्क रंगवलेल्या असतात आणि ती पारदर्शक वाटतात. लाल रंग आरपार दिसला तरच फाइल खरी. कडेला पांढरी रेघ दिसली, तर चित्र पांढऱ्या पार्श्वभूमीवरून कापलेलं आहे; मूळ चित्र मिळवून पारदर्शक पार्श्वभूमीवरच पुन्हा एक्स्पोर्ट करा.

फाइल चोख असूनही विंडोजच्या मेनूत काळा चौकोन येतो, तेव्हा दोष बहुधा चित्र मेनूच्या हाती देण्याच्या पद्धतीत असतो. व्हिस्टापासून पुढे विंडोजच्या मूळ मेनूला 32 बिटांचं बिटमॅप (दर पिक्सेलला 32 बिट देऊन रंगांचे आकडे सरळ साठवलेलं चित्र) लागतं आणि त्यातले लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे अल्फाने आधीच गुणलेले असावे लागतात. पीएनजीत मात्र ते न गुणलेले असतात. म्हणून प्रत्येक रंगाचा आकडा अल्फाने गुणा आणि 255 ने भागा: लाल 200 आणि अल्फा 128 असेल तर लाल साधारण 100 होतो. अल्फा 0 असेल तिथे तिन्ही रंगही 0 झाले पाहिजेत. 24 बिटांच्या बिटमॅपमध्ये अल्फाला जागाच नसते, त्यामुळे चित्र वाटेत कुठे 24 बिटांचं होत नाही ना, तेही बघा.

पायथनमध्ये खिडक्या-मेनू बनवायची टीकेइंटर ही लायब्ररी वापरत असाल तर हा गुणाकार करावा लागत नाही. ती ज्या टीकेवर चालते, त्याला 8.6 या आवृत्तीपासून पीएनजी थेट वाचता येते. तिथे अडचण वेगळी: चित्र फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्येच ठेवलं, तर फंक्शन संपताच ते मेमरीतून जातं आणि मेनूत कोरी जागा उरते. ते खिडकीच्या ऑब्जेक्टवर साठवून ठेवा.

आकारही नीट निवडा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या 100 टक्के स्केलला 16 पिक्सेल, 125 ला 20, 150 ला 24, 200 ला 32. एकच मोठं चित्र सगळीकडे आक्रसून वापरलं की बारीक रेषा पुसट होतात.

शेवटी मेनू दुकानातल्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा. ओळीवर माउस नेऊन रंग बदलल्यावर चौकोन दिसतो का, बंद असलेल्या पर्यायाचा आयकॉन फिका होतो का, आणि गडद थीममध्ये काळा आयकॉन गायब होतो का, हे तपासा. गायब होत असेल तर त्या थीमसाठी फिकट रंगाचा वेगळा आयकॉन द्या.