पर्सेंटाइल वाचताना या चुका टाळा

नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभरात नव्वद गुण नव्हेत. ज्या मुलांशी तुलना केली, त्यातली साधारण नव्वद टक्के मुलं गुणांत तुमच्या मुलाच्या बरोबरीची किंवा मागची आहेत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून निकाल हातात आला की पहिला प्रश्न हाच: तुलना कुणाशी?

तो न विचारणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. समजा, राजापूरच्या एका मुलीला देशपातळीवरच्या चाचणीत 70 पर्सेंटाइल मिळालं आणि त्याच गुणांवर ती तालुक्यात 95 वर आहे. घरचे 70 बघून हिरमुसतात. खरं तर दोन्ही आकडे बरोबर आहेत. देशाचा आकडा सांगतो, तिच्या इयत्तेच्या मुलांत ती कुठे आहे. तालुक्याचा सांगतो, वर्गात शिकवतात त्याच्या ती किती पुढे गेली आहे. तिला जादा अवघड गणितं द्यायची की नाही, हे ठरवायला मला दुसराच जास्त कामाचा वाटतो.

अमेरिकेत प्रज्ञावान मुलांच्या वर्गासाठी कॉगॅट ही चाचणी वापरतात, तिथेही तुलना देशाशी करायची की स्थानिक मुलांशी, हाच वाद आहे. 2019 मध्ये शिक्षण-संशोधक स्कॉट पीटर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तुलना त्याच शाळेतल्या मुलांशी केली, तर निवडीत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचं प्रमाण वाढतं.

स्थानिक निवडीला ‘सवलत’ म्हणणं ही दुसरी चूक. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या सांगेली किंवा रत्नागिरीतल्या पडवेच्या नवोदय विद्यालयात सहावीची निवड जिल्ह्यापुरती होते आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात. दोनशिक्षकी शाळेतून तिथवर पोचलेल्या मुलाला कमी लेखू नका. त्याने मिळालं त्यापेक्षा जास्त शिकून दाखवलं आहे.

आणखी एक. ऑलिंपियाड किंवा जेईईचं पर्सेंटाइल फक्त परीक्षेला बसलेल्यांतलं असतं. ते देशातल्या सगळ्या मुलांशी जोडू नका.

शिक्षकांनी मात्र छोट्या पटाच्या आकड्यांपासून सावध राहावं. वीस मुलांच्या वर्गात एक मूल पुढे-मागे झालं की पर्सेंटाइल पाचाने हलतं. अशा आकड्यावर निवड करू नका. आपल्या केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांची त्या इयत्तेची मुलं एकत्र धरून यादी लावा.