फर्नेस ऑइलचा थेंब पूर्ण जळावा म्हणून

रबाळ्याच्या एमआयडीसीत मी 19 वर्षं फर्नेस ऑइलवर, म्हणजे जाड काळ्या जळणाच्या तेलावर, बॉयलर चालवतोय. नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी चिमणीच्या बुडाशी साचलेली चिमूटभर राख त्याच्या तळहातावर ठेवतो आणि चोळायला सांगतो. पिठासारखी मऊ लागली तर काजळी. रव्यासारखी कचकचली तर तो अर्धवट जळालेला थेंब. भिंगाखाली धरा, काळा पोकळ गोळा दिसेल, अंगभर भोकं पडलेला.

फर्नेस ऑइलचा थेंब डिझेलसारखा वाफ होऊन सरळ संपत नाही. ज्योतीत शिरला की आधी त्यातला हलका भाग उडतो आणि पेटतो. आतली वाफ बाहेर पडायला बघते, थेंब फुगतो, पिचकाऱ्या मारतो. ती भोकं तिथलीच. मागे उरतो डांबरासारखा जड भाग. त्याचा भाजून कोक, म्हणजे कोळशासारखा कडक गोळा, होतो, आणि कोक जळतो तो फक्त पृष्ठभागावरून, सावकाश. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की जळायला साधारण चौपट वेळ लागतो. भट्टीत एवढा वेळ मिळत नाही, मग तो गोळा ट्यूबवर जाऊन बसतो.

म्हणून थेंब बारीक पडला पाहिजे. त्यासाठी तेल बर्नरपाशी पातळ हवं, साधारण 15 ते 20 सेंटीस्टोक्स (तेलाचा दाटपणा मोजायचं माप, आकडा कमी तितकं पातळ). आमच्याकडे त्याला 110 अंशांच्या आसपास तापवावं लागतं. टाकीवरचा आकडा बघून चालत नाही, प्रीहीटरच्या, म्हणजे बर्नरआधी तेल तापवणाऱ्या हीटरच्या, पुढचा बघा, आणि टँकर बदलला की पुन्हा जुळवा. जास्त तापवलंत तर तेल प्रीहीटरमध्येच करपतं. टाकीच्या तळाचं पाणी रोज काढा, पावसाळ्यात तर नक्कीच.

नोझल, म्हणजे तेल फवारणारी तोटी, साफ करायचं ते बर्नर बंद करून, तेलाचा व्हॉल्व्ह बंद करून, थंड झाल्यावर. डिझेलमध्ये भिजवा, लाकडी काडीने कोरा. पोलादी तार नको. मी एकदा घातली होती. भोक एका अंगाने ओरखडलं, ज्योत डावीकडे झुकली आणि आठ दिवसांत त्या बाजूच्या भिंतीवर कोकचं ढेकूळ जमलं. ते छिन्नीने काढायला अख्खा रविवार गेला.

पीप होलमधून, म्हणजे ज्योत बघायच्या भोकातून, शेंड्याला ठिणग्या दिसल्या की पोरं लगेच डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, उघडतात. नुसती जास्त हवा सोडली तर भट्टी थंड होते आणि थेंब आणखीच अर्धवट राहतो. आधी तेलाचं तापमान बघा, मग फवारणीचं प्रेशर, मग नोझल. एवढं ठीक असूनही ठिणग्या असतील तरच डॅम्परला हात लावा.