सही कुणाची? गावच्या आरोग्य समितीसोबत काम सुरू करणाऱ्यांसाठी

तालुका समन्वयक म्हणून रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात गावांची यादी हातात पडते. प्रत्येक गावापुढे 'समिती आहे' असा शेरा असतो. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर जवळपास सगळीकडे सापडते. शेऱ्यावर विसंबू नका. यादीतल्या तीन सदस्यांना वेगवेगळं गाठा आणि शेवटची बैठक कधी झाली ते विचारा. आपण सदस्य आहोत हेच त्यांना ठाऊक नसेल, तर पहिले दोन महिने समिती उभी करण्यातच जाणार हे धरून चाला. नियमाप्रमाणे किमान 15 सदस्य हवेत आणि त्यांत निम्म्या बाया. पण सगळ्या बाया एकाच आळीतल्या असतील तर त्या निम्म्याला अर्थ नाही.

या कामाचं मर्म एका प्रश्नात आहे: ही अडचण सुटायला कुणाची सही लागते? आजार दवाखान्यात दिसतो, पण त्याचं मूळ पाणी, रेशन, रस्ता, मजुरी यांत असतं आणि यांतल्या प्रत्येकाचा साहेब वेगळा.

जुलाबाचंच घ्या. उपकेंद्रातल्या नोंदवहीतून मागच्या तीन महिन्यांचे रुग्ण काढा आणि गावाच्या हाती काढलेल्या नकाशावर घराघरावर टिकल्या लावा. टिकल्या एकाच ओळीत आल्या की त्या ओळीच्या शेवटच्या नळावर जा. पाणी सुटल्या सुटल्या नमुना घ्या, नळीत ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाका. पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे. टाकीजवळ पिवळं आणि शेवटच्या नळाला पांढरं, असा प्रकार नेहमीचा. अशा वेळी जलसुरक्षकाला, म्हणजे गावाच्या पाण्याची देखभाल करणाऱ्या माणसाला, फैलावर घेण्याआधी व्हॉल्व्हचा खड्डा उघडून बघा. पाणी दिवसाआड येत असेल तर मधल्या वेळात पाइप रिकामा पडतो आणि खड्ड्यात साचलेलं गटाराचं पाणी गळतीतून आत ओढलं जातं. टीसीएल (पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर) वाढवून हे थांबत नाही. टीसीएलचं पोतंही बघाच. नव्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो, पण तोंड उघडं टाकलेलं पोतं ओलीत राहिलं की तो उडून जातो.

आता सही. खड्डा बांधून घ्यायचा तर ग्रामपंचायतीचा ठराव हवा. समितीकडे वर्षाला मिळणारा अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे समितीने ठरवून खर्चायचा पैसा, 10,000 रुपयांपर्यंतचा. त्यात एक झाकण, थोडं सिमेंट बसेल, पाइपलाइन बसणार नाही. तिच्यासाठी केंद्राच्या वित्त आयोगातून ग्रामपंचायतीला येणारा पैसा. पंधराव्या आयोगाने 2021-26 साठी 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला होता. पण काम 'आमचं गाव, आमचा विकास' या ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात नसेल तर पैसा असूनही हलत नाही. आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होते, म्हणून नकाशा आणि तपासण्या सप्टेंबरात हातात हव्यात. जानेवारीत गेलेल्या अर्जाला 'पुढच्या वर्षी बघू' हेच उत्तर मिळतं.

अर्ज एका पानाचा, एकाच मागणीचा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ग्रामसभेत ठराव झाला की सूचक, अनुमोदक आणि ठराव क्रमांक प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत) चढला का, ते त्याच दिवशी पाहा. टाळ्यांनी मंजूर झालेले कितीतरी ठराव वहीत नसतातच.

लोकाधारित देखरेखीचं, म्हणजे आरोग्यसेवा नीट मिळते का हे गावकऱ्यांनीच तपासण्याचं, काम महाराष्ट्रात 2007 मध्ये पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत सुरू झालं. हिरवा (चांगलं), पिवळा (मध्यम), लाल (वाईट) अशी गावाची पत्रकं आणि जनसुनवाई, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडायची जाहीर सभा, ही त्याची हत्यारं. जनसुनवाईत नवखी मंडळी हमखास चुकतात. वीस तक्रारी मांडू नका. चार मांडा, पण प्रत्येकीला तारीख आणि कागद जोडा. वैद्यकीय अधिकाऱ्याला आठ दिवस आधी यादी द्या. अचानक धक्का दिला की सभा गाजते, काम होत नाही. आशाताई किंवा नर्सबाईंना मंचासमोर उभं करायचं नाही. औषध वरून आलं नसेल तर त्याचा जाब वरच्याला विचारायचा. एकदा का आशा दुखावली की गावातली तुमची निम्मी माहिती बंद झालीच म्हणून समजा.

बैठक सकाळी अकराला ठेवली की नोकरदार आणि पुढारी येतात. मजूर बायांसाठी संध्याकाळी साडेसात, तीही वस्तीवर. बीड, धाराशिवकडे ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. नोव्हेंबरात केलेल्या घरभेटीत सगळ्यात गरीब घरांना कुलूप असतं आणि पत्रक उगाच हिरवं दिसतं. त्या भागात घरभेटी पावसाळ्यात उरका.

समितीच्या बँक खात्यावर सह्या कुणाच्या ते पासबुकात बघा. सरपंचांसोबत कुठे अंगणवाडी सेविका असते, कुठे आशा. निवडणूक झाली की सहीचा नमुना बदलून घ्यावा लागतो. तो राहिला की खातं महिनोन् महिने अडकतं. नव्या सरपंचांना पहिल्याच भेटीत नकाशा, ठराव आणि आवक प्रतींची झेरॉक्स द्या. मूळ फाइल अंगणवाडीच्या कपाटात ठेवा, ती कुणाच्या घरी जाऊ देऊ नका.