शुक्रवारच्या सेमिनारची तयारी, रविवारपासून

पेंग्विनच्या पिलांचा मलेरिया हा विषय घेतलाच आहे, तर पहिलं काम चिकनच्या दुकानात. रविवारी सकाळी काचपट्ट्या घेऊन जा आणि रक्त गोठायच्या आत तिथेच स्मिअर (काचेवर रक्ताचा पातळ थर) ओढा. जळगावच्या मार्चमध्ये तो बघता बघता वाळतो. खोलीवर आल्यावर मिनिटभर मिथेनॉल, मग जिम्सा हा रंग. कोंबडीत मलेरिया सापडावा म्हणून हा खटाटोप नाही. पक्ष्याच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, ते वर्गाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. पक्ष्यांच्या मलेरियाचा परजीवी, प्लास्मोडियम रेलिक्टम, त्याच पेशीत वाढतो आणि केंद्रक कडेला सारतो, हे नुसतं सांगून पटत नाही.

फळ्यावर डास काढाल तो क्युलेक्सचा. माणसाचा मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस काढलात तर मीच पहिला हात वर करेन. डास मलेरिया पसरवतात हे डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी १८९८ साली कलकत्त्यात पक्ष्यांवरच दाखवलं, एवढं एका वाक्यात पुरे.

निम्मा वेळ मात्र पिलांसाठी राखा. आईकडून बलकातून आलेली प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) काही आठवड्यांत ओसरतात. पुढची प्रतिपिंडं पिलाने स्वतः बनवायची, आणि त्यासाठी बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी, तयार होतात फॅब्रिशियसच्या पिशवीत, पक्ष्यांच्या एका खास अवयवात. (आकृती मोठी काढा, सगळे तिथेच अडखळतात.) पण या परजीवीची ओळख नसेल तर तयारी उशिरा होते. थंड, वाऱ्याच्या किनाऱ्यावर डास कमी, म्हणून पेंग्विनच्या पिढ्यांची त्याच्याशी गाठ क्वचितच पडली. प्राणिसंग्रहालयातल्या उघड्या तळ्याकाठी पिलाचा पहिला उन्हाळा म्हणूनच घातक. परजीवी फुप्फुसं, यकृत, प्लीहा यांत आधीच वाढलेला असतो, त्यामुळे कधी रक्तात फारसं काही दिसायच्या आतच पिलू दगावतं. वाचलेल्यांत थोडा संसर्ग रेंगाळतो आणि काहीसं संरक्षणही मिळतं.

पेनड्राइव्ह दोन ठेवा, लॅपटॉप भरून आणा. वीज गेली तर खडू आहेच.

मागच्या बाकावरून कुणीतरी ‘पेंग्विनले बी मलेरिया व्हस का?’ विचारणारच. हसू नका, अहिराणीतच उत्तर द्या. पक्ष्यांचा हा मलेरिया माणसाला होत नाही, तेही सांगा. पुढचा प्रश्न मुंबईतल्या भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयाचा येईल: तिथे २०१६ साली आलेले हम्बोल्ट पेंग्विन बंद, गारेगार दालनात राहतात, म्हणजे डासाला वाटच अवघड.