तुषारांचा गारवा: फरशी न भिजवता अंगण थंड कसं करावं

आधी सावली. वरून ऊन पडत असेल तर कितीही पाणी उडवा, अंग भाजतच राहणार. छत किंवा दाट शेडनेट झालं की मगच पाण्याकडे वळा.

कोपऱ्यात छोटं तळं करण्याचा सल्ला बाजूला ठेवा. संथ पाणी दिवसभर तापतं आणि रात्री तीच ऊब सोडत बसतं. गारवा येतो तो पाण्याची वाफ होताना. लिटरमागे सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता ओढली जाते. म्हणून पाणी साठवायचं नाही, हवेत विरवायचं.

पाणी विरण्याइतकी हवा कोरडी आहे का ते आधी बघा. भर दुपारी सावलीत दोन थर्मामीटर टांगा. एकाच्या फुग्याला ओली सुती चिंधी गुंडाळून पंख्याचा वारा द्या. दोघांतला फरक १० अंशांहून जास्त आला तर हवा पुरेशी कोरडी आहे, पुढे चला. (४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेला ओला थर्मामीटर २२च्या आसपास उतरतो.) फरक पाच-सहाच असेल तर नुसता पंखा पुरे.

खरी मेख थेंबाच्या आकारात आहे. नळाला थेट जोडायचे स्वस्त तुषार-संच घेऊच नका. नळाच्या दोन-तीन बार दाबावर थेंब जाड पडतात, विरण्याआधीच खाली येतात. फरशी निसरडी होते, खुर्च्या ओल्या होतात आणि हवा जवळपास तेवढीच तापलेली राहते. ७० बारचा पंप, तो दाब सोसणारी नळी आणि ०.२ मिमी भोकाचे अँटी-ड्रिप (पंप बंद झाल्यावर न ठिबकणारे) नोझल, म्हणजे तुषार उडवणारी तोंडं, घ्या. थेंब १० ते २० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतात. एका नोझलला तासाला साधारण ५ लिटर पाणी लागतं. लाइन अडीच ते तीन मीटर उंच, वारा येतो त्या बाजूला, नोझलमध्ये ६० ते ९० सेंमी अंतर.

मग डोक्याच्या उंचीवर मिनिटभर कोरडी काच धरा. ठिपके उमटले तर दाब कमी आहे, लाइन खाली आहे किंवा एखादं नोझल क्षारांनी अर्धवट बुजलंय. टोकावर पांढरी कड दिसली की तेच. ते व्हिनेगरमध्ये भिजवा. टाचणी मात्र घालू नका, भोक फाकलं की तुषार जाऊन चिळकांडी उडते. पाणी जड असेल तर आरओचंच वापरा, नाहीतर हाच उद्योग दर आठवड्याला.

तिन्ही बाजू बंद असतील तर ह्युमिडिस्टॅट (आर्द्रता पाहून पंप चालू-बंद करणारं यंत्र) लावून ६० टक्के आर्द्रतेला पंप बंद होऊ द्या. त्यापुढे नुसती चिकचिक.

वापर संपला की लाइन रिकामी करा. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतो आणि तुषारांतून थेट फुप्फुसात जातो. खाली जमलेलं पाणी पुन्हा पंपात घालणं तर बिलकूल नको.