मलेशियन हॉटेलात जेवायला जाताय? आधी किचन कुणाचं ते बघा

इथे मेलबर्नला आपल्या लोकांचा ग्रुप मलेशियन किंवा सिंगापुरी हॉटेलात गेला की बहुतेक वेळा एकच होतं, मेनू उघडतात, नासी, मी, क्वे तिआओ, आयाम असलं काहीतरी वाचून गोंधळतात आणि शेवटी टेबलावर येतं काय तर व्हेज फ्राइड राइस आणि सिंगापूर नूडल्स. मला खरंच वाईट वाटतं हो, कारण हे जेवण आपल्या जिभेला परकं नाहीये, उलट कोकणातल्या माणसाला तर फारच ओळखीचं आहे. आणि त्या सिंगापूर नूडल्स सिंगापूरच्या नाहीतच मुळी, करी पावडर घातलेल्या त्या पिवळ्या शेवया हाँगकाँगच्या कँटोनीज हॉटेलांमधून जगभर गेल्या. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं, पुढच्या वेळी जाल तेव्हा उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, मेनू बघायच्या आधी किचन कुणाचं आहे ते ओळखा. मलेशिया आणि सिंगापूरमध्ये मलय, चिनी आणि तमिळ अशी तीन मोठी स्वयंपाकघरं शेजारी शेजारी आहेत, आणि परदेशातल्या छोट्या हॉटेलात मेनूवर तिन्हीकडचे पदार्थ असले तरी बनवणारा माणूस साधारण एकाच घरचा असतो. काचेमागे चकचकीत कोंबड्या, बदकं टांगलेली असतील तर चिनी किचन, तिथे चिकन राइस, किंवा चार क्वे तिआओ आणि होक्कियन मी या नूडल्स घ्या. हलालची पाटी आणि समोर रेंडांग (नारळाच्या दुधात आटवलेलं मसालेदार मांस), सांबल (मिरचीची चटणी), तळलेले मासे मांडलेले असतील तर मलय, तिथे नासी लेमाक (नारळाच्या दुधातला भात), साते (काडीला लावून भाजलेलं मांस), रेंडांग. आणि दारातच मोठ्या तव्यापाशी कोणी पीठ हवेत फिरवत असेल तर ते मामाक, म्हणजे तमिळ मुस्लिम लोकांचं, तिथे डोळे मिटून रोटी चनाई (पापुद्र्यांची रोटी), मुर्तबाक (सारण भरलेली रोटी) आणि मी गोरेंग (परतलेल्या नूडल्स). मामाककडे जाऊन चिकन राइस मागवायचा आणि मग मलेशियन जेवण काही खास नाही म्हणायचं, हे म्हणजे उडप्याकडे जाऊन तांबडा रस्सा मागवल्यासारखं झालं.

चांगलं हॉटेल शोधायचं तर युनिव्हर्सिटीच्या आसपास बघा. १९५१ पासून कोलंबो प्लॅन या मदत योजनेत मलायाकडची, म्हणजे आजच्या मलेशियाकडची मुलं ऑस्ट्रेलियात शिकायला यायला लागली आणि नंतर स्वतःच्या खर्चाने शिकायला येणाऱ्यांची रांगच लागली, आता या मुलांना घरचं जेवण पाहिजे म्हणून हॉटेलंही त्यांच्या मागोमाग आली. क्लेटन, बॉक्स हिल, ग्लेन वेव्हर्ली या भागात अशी हॉटेलं भरपूर आहेत. दुपारी एक वाजता आत मलेशियन पोरापोरींचा कल्ला असेल तर बिनधास्त आत जा.

आत गेल्यावर फार शिष्टाचार नसतो. कुठे ते बसवतात, कुठे आपणच टेबल धरायचं, टेबल नंबर लक्षात ठेवून काउंटरवर ऑर्डर आणि पैसे द्यायचे. पाणी आणि चमचे बऱ्याच ठिकाणी आपले आपण घ्यायचे. गर्दी असेल तर मोठ्या टेबलावर अनोळखी लोकांबरोबर बसवतात, त्यात वाईट वाटून घेऊ नका. रविवारी आणि पब्लिक हॉलिडेला बऱ्याच ठिकाणी बिलावर सरचार्ज लागतो, ती पाटी काउंटरवर असते. टिपची अपेक्षा नसते. जेवण झालं की गप्पा मारत तासभर बसू नका, दारात रांग असते.

खायचं कसं ते पण सांगते. भाताबरोबर चमचा आणि काटा देतात, सुरी नाही. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात, काट्याने घास चमच्यात ढकलायचा. सूपवाल्या नूडल्सना चॉपस्टिक आणि चिनी मातीचा खोलगट चमचा. रोटी मात्र हातानेच खा, तिथलेही हातानेच खातात.

आता मेनूचे शब्द. हे दहा-बारा शब्द पाठ झाले की अर्धं काम झालं. नासी म्हणजे भात, मी म्हणजे गव्हाच्या नूडल्स, बिहुन म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, क्वे तिआओ म्हणजे तांदळाच्याच पण चपट्या रुंद पट्ट्या. गोरेंग म्हणजे तळलेलं किंवा परतलेलं. आयाम चिकन, इकान मासा, उदांग कोळंबी, तेलूर अंडं, सायूर भाजी. दागिंग लिहिलं असेल तर साधारणपणे बीफ समजा आणि बाबी म्हणजे पोर्क, ज्यांना चालत नाही त्यांनी हे दोन शब्द आधी शिकावेत. रेंडांग मुळात बीफचाच जास्त करतात, पण चिकनचा किंवा लॅम्बचा पण मिळतो, ऑर्डर देताना स्पष्ट सांगायचं. आणि मग असे शब्द दिसतील की हसू येईल, बेंडी म्हणजे आपली भेंडी, आचार म्हणजे लोणचं, रोटी म्हणजे रोटी, कारी म्हणजे करी. कोसोंग म्हणजे रिकामं, शून्य, म्हणून रोटी कोसोंग म्हणजे साधी रोटी आणि चहाला कोसोंग म्हटलं की बिनसाखरेचा.

शाकाहाऱ्यांनी मात्र इथून पुढे नीट वाचा. माझी आई रत्नागिरीची, मासे खाते, पण सोमवार कडक पाळते. ती आली होती तेव्हा नेमक्या सोमवारी आम्ही एका हॉटेलात गेलो, मी तिच्यासाठी कांगकुंग मागवली, ही पालेभाजी, आपल्याकडे नाळीची भाजी म्हणतात ती. मेनूवर भाज्यांच्या पानावर होती म्हणून मी काही विचारलंच नाही. प्लेट आली, अजून टेबलावर ठेवली पण नव्हती, वाफ आली आणि आई म्हणाली, "अगं, ह्यात जवळा आहे." पाला बाजूला केला तर कुठेच काही दिसत नव्हतं, फक्त लालसर तेल आणि ठेचलेली मिरची. पण ती बरोबर होती. ते ब्लाचान होतं. जवळ्यासारखीच बारीक कोळंबी मीठ लावून, आंबवून, उन्हात वाळवून, कुटून त्याची वडी करतात आणि ती भाजून सांबलमध्ये घालतात. जवळा भाजताना घरभर जो वास सुटतो ना, तोच. आईने त्या दिवशी साधा भात आणि काकडी खाल्ली आणि मला फार अपराधी वाटलं.

तेव्हापासून मी प्रत्येक वेळी विचारते. "व्हेज आहे का" एवढं विचारून भागत नाही, कारण वर मांस दिसत नसेल तर ते व्हेज असं समजणारे वेटर असतात. नाव घेऊन विचारा: ब्लाचान आहे का, सुकी कोळंबी आहे का, ऑयस्टर सॉस आहे का. लक्सा म्हणजे रस्स्यातल्या नूडल्स, आणि व्हेज लक्सा म्हणजे बऱ्याचदा वर भाज्या आणि टोफू पण खालचा रस्सा तोच, सुक्या कोळंबीच्या वाटणाचा. नासी लेमाकच्या सांबलमध्ये ब्लाचान आणि वर इकान बिलिस म्हणजे तळलेले बारीक मासे. चिकन राइसच्या हॉटेलात "नुसता भात द्या" म्हटलंत तर चिकनच्या चरबीत परतून चिकनच्या पाण्यात शिजवलेला भात येईल, म्हणून स्टीम्ड राइस असं सांगा. रोटी चनाईच्या पिठात काही ठिकाणी अंडं असतं, आणि सोबतच्या वाट्यांमधली एखादी चिकन किंवा फिश करीची असते, फक्त डाळ द्या म्हणावं, आणि डाळीत मटणाची हाडं आहेत का तेही विचारावं कारण दालचा, म्हणजे तिकडची डाळीची आमटी, तसाच करतात. एवढं विचारून जे उरतं तेही कमी नसतं, रोटी डाळ, कांद्याची रोटी बावांग, लसूण घालून परतलेल्या भाज्या, टोफू. काही चिनी-मलेशियन हॉटेलं तर बौद्ध पद्धतीची पूर्ण शाकाहारीच असतात, तिथे सगळं मिळतं, अगदी व्हेज लक्सासुद्धा. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्यांनी साते सॉस, नासी लेमाक आणि रोजाक (फळं-भाज्यांची कोशिंबीर) तिन्हीपासून लांब राहा.

आता मासे खाणाऱ्यांसाठी, आणि हे मी अगदी मनापासून सांगतेय, आसाम लक्सा मागवा. लक्सा म्हटलं की इथे सगळ्यांना नारळाच्या दुधातला केशरी रस्साच माहीत असतो, करी लक्सा, तोही छानच, डार्विन शहरात तर लक्साचा वेगळा फेस्टिव्हल होतो. पण पेनांगचा आसाम लक्सा वेगळाच, त्यात नारळाचं दूध नाही. इकान केंबुंग शिजवून, काटे काढून, कुस्करून त्याचा दाटसर आंबट-तिखट रस्सा, आणि केंबुंग म्हणजे आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा. आंबटपणा चिंचेचा आणि आसाम केपिंगचा, आता हे आसाम केपिंग म्हणजे काय तर एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या, आणि ते झाड कोकमाचं चुलत भावंड, दोघंही गार्सिनिया प्रजातीचे. म्हणजे बांगडा आणि कोकम! वर काकडी, अननस, कांदा, पुदिना आणि बाजूला चमच्यात काळी घट्ट हाए को, ही कोळंबीची गोडसर पेस्ट. ती एकदम ढवळू नका, आधी नुसता रस्सा प्या, मग थोडी थोडी मिसळा, चव बदलत जाते. परदेशात ताजा मासा नसेल तर डब्यातले सार्डिन वापरतात काही ठिकाणी, तरी चव जवळपास जाते. आईला पुढच्या मंगळवारी हाच खाऊ घातला. दोन घोट प्यायली आणि म्हणाली त्रिफळं असती तर आपलंच तिखलं झालं असतं.

चिकन राइसबद्दल एक गैरसमज दूर करायचाय. प्लेट येते, पांढरं फिकट चिकन, वर मसाला नाही, आणि कोमट. आपली लोकं गार आहे म्हणून परत पाठवतात. अहो ते तसंच असतं! हायनान बेटावरून आलेल्या लोकांनी रुजवलेला पदार्थ आहे तो, कोंबडी मंद आचेवर पाण्यात शिजवून मग थंड पाण्यात टाकतात म्हणून कातडी अशी गुळगुळीत राहते. खरी मजा भातात आहे. पहिला घास नुसत्या भाताचा घ्या, आलं, लसूण आणि पानदान नावाच्या सुगंधी पानाचा वास येईल. मग चिकनचा तुकडा, त्यावर थोडी आल्याची चटणी, थोडी लाल मिरचीची, आणि दाट काळ्या सोया सॉसचे दोन थेंब. मध्ये मध्ये सूपचा घोट.

नासी लेमाक पण असंच, नारळाच्या दुधातला भात म्हटलं की आपल्याला नारळीभात आठवतो पण हा गोड नसतो, खारा असतो. सगळं एकदम कालवू नका, प्रत्येक घासात थोडं सांबल, एक-दोन शेंगदाणे, एखादा मासा, आणि तिखट लागलं की काकडी. चार क्वे तिआओ घ्याल तर त्यात लाल गोडसर चकत्या दिसतील त्या पोर्क सॉसेजच्या, आणि पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी पण असते, चालत नसेल तर आधीच सांगा. तो लगेच खायचा, कारण भडकलेल्या जाळावर एकेक प्लेट परतताना जो धुराचा वास लागतो, वोक हेई म्हणतात त्याला, तो पाच मिनिटांत जातो. फोटो नंतर काढा.

चहा घेतल्याशिवाय उठू नका. तेह तारिक म्हणजे ओढलेला चहा, एका मगातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेस आणतात, आणि त्यात कंडेन्स्ड मिल्क असल्यामुळे खूप गोड असतो, म्हणून "कुरांग मानिस" म्हणा, म्हणजे गोड कमी. तेह हालिया म्हणजे चक्क आल्याचा चहा, आपल्या लोकांना हा लगेच आवडतो. कोपी म्हणजे कॉफी, नुसतं कोपी म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्कची, कोपी ओ म्हणजे दूध नाही पण साखर आहे, कोपी सी म्हणजे इव्हॅपोरेटेड मिल्क आणि साखर, शेवटी कोसोंग लावलं की साखर गेली, पेंग लावलं की बर्फ आला. सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला, म्हणजे स्टॉलवरच्या खाण्याच्या पद्धतीला, २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली आणि मलेशियाच्या नाश्त्याच्या संस्कृतीला २०२४ मध्ये, त्यात नासी लेमाक, रोटी चनाई आणि तेह तारिक तिन्ही आहेत. तिकडे हा सकाळचा नाश्ता आहे, इथे दिवसभर मिळतो. गोड पाहिजे तर चेंदोल, बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वरून माडाचा काळा गूळ, पोट भरलेलं असलं तरी दोघांत एक घ्याच.

चार माणसं असाल तर प्रत्येकाने आपापली प्लेट घेण्यापेक्षा दोन रोटी, एक साते, एक भाजी, एक नूडल, एक भात असं मध्ये ठेवून वाटून खा, पैसेही कमी लागतात आणि जास्त पदार्थ चाखता येतात. उरलं तर "तापाव" म्हणा, पार्सलला तिकडे तोच शब्द आहे. लक्सा घरी न्यायचा असेल तर रस्सा आणि नूडल्स वेगळ्या डब्यात मागा नाहीतर घरी पोचेपर्यंत नूडल्स सगळा रस्सा पिऊन फुगतात. रोटीचं पार्सल करू नका, ती तव्यावरून उतरल्यावर दोन्ही हातांनी टाळी वाजवल्यासारखी दाबून मोकळी करतात तेव्हाचीच पाच मिनिटं तिची असतात, जाळीदार पापुद्रे बाहेर कुरकुरीत आणि आत लुसलुशीत, डब्यात बंद केली की वाफेने मऊ पडते आणि चिवट होते. तिथेच बसून खा, हवी तर अजून एक मागवा.